पेव फुटल्यावर

कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात त्या सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीच्या पोटात ठेवायची रीत होती. वर माणूस जेमतेम आत उतरेल एवढे तोंड, आणि खाली तीन-चार पुरुष खोल, रांजणासारखे पोट सुटलेला खड्डा. त्याला पेव म्हणतात. तळाला आणि कडेने पाला-पाचट लावायचे, हळद भरायची आणि वर माती लोटून तोंड बंद करायचे. मग भाव येईपर्यंत, वर्ष म्हणा की दोन वर्षे, हळद तशीच राहायची. कीड लागत नसे, औषध मारावे लागत नसे. बंद पेवात जे काही श्वास घेते ते तिथला प्राणवायू संपवून टाकते, आणि प्राणवायू संपला की किडाही संपतो. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळे करून बराच वेळ थांबायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचे.

२००५ च्या महापुराने या पेवांची वाताहत केली. पण शब्द राहिला. ज्याने पेव कधी पाहिले नाही असा माणूसही कोचिंग क्लासचे पेव फुटले, निवडणुकीत पक्षांचे पेव फुटले असे सहज बोलतो. उत्तर ध्रुवाभोवतीच्या जमिनीत सध्या जे चालले आहे त्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

या जमिनीचे नाव पर्माफ्रॉस्ट, म्हणजे सलग किमान दोन वर्षे शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन. ही झाली व्याख्येपुरती दोन वर्षे. प्रत्यक्षात त्यातली बरीच जमीन हजारो वर्षे गोठलेली आहे. आपल्याकडे बारमाही हा शब्द पाण्याला लागतो, तिकडे तो गोठणीला लावावा लागेल. सायबेरियातल्या याकुत्स्क गावात शेर्गिन नावाच्या कंपनी-कारभाऱ्याने एकोणिसाव्या शतकात विहीर खणायला घेतली. वर्षानुवर्षे खणत तो ११६ मीटरपर्यंत गेला आणि १८३७ मध्ये थांबला. पाणी लागले नाही, आणि गोठणही संपली नाही. जतमध्ये एकामागून एक बोअर मारणाऱ्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल, कारण तेवढे वेगळे.

या गोठलेल्या मातीत गवताची मुळे, शेवाळ, पाला आणि मेलेली जनावरे न कुजता पडून आहेत. वनस्पतींनी हवेतून घेतलेला कर्ब कुजताना हवेत परत जातो, हा निसर्गाचा हिशेब. तिथे तो अर्ध्यावर अडला, कारण कुजवणारे जिवाणू थंडीने आखडले. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने असा अडकलेला कर्ब १,४०० ते १,६०० अब्ज टन आहे. आज पृथ्वीच्या सगळ्या वातावरणात जेवढा कर्ब आहे त्याच्या जवळपास दुप्पट. आणि १९७९ पासून पाहिले तर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापतो आहे. २० जून २०२० रोजी सायबेरियातल्या वेर्खोयान्स्कमध्ये पारा ३८ अंशांवर गेला. हा आकडा आटपाडीला मे महिन्यात शोभावा.

गोठण सुटली की जिवाणू जागे होतात आणि इतकी वर्षे झाकून ठेवलेले जेवण सुरू होते. माती निथळलेली, हवा खेळती असेल तर कार्बन डायऑक्साइड निघतो. वितळून जमीन खचली, तिथे तळी साचली आणि हवा तुटली तर मिथेन. हा फरक समजायला आपल्याला प्रयोगशाळा नको. उकिरड्यावर शेण वाफाळत कुजते. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत हवाबंद केले की त्याच्यावर चहा होतो. अलास्कातल्या गोठलेल्या तळ्यांवर संशोधक बर्फाला भोक पाडून काडी लावतात आणि माणसाच्या उंचीची ज्वाळा उठते. वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरून ठेवायची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींच्या आसपास भरते.

इथवर आलो की समोरचा माणूस विचारतो, आणि विचारायलाच हवे: माणमध्ये प्यायला टँकर येतो, कृष्णाकाठचा माणूस दर दोन-चार वर्षांनी सामान माळ्यावर चढवतो, आणि तुम्ही सायबेरियाच्या चिखलाचे काय सांगता? या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिले उत्तर भीतीचे: उत्तरेत मिथेनचा बॉम्ब आहे, तो फुटला की संपले. मथळ्याला ते छान दिसते. पण हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालातला आकडा वेगळे सांगतो. जग एका अंशाने तापले तर या शतकाच्या अखेरपर्यंत पर्माफ्रॉस्टमधून सुमारे १८ अब्ज टन कर्ब कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निसटेल, आणि तो अंदाज ३ पासून ४१ पर्यंत कुठेही असू शकतो. माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळून दरसाल साधारण १० अब्ज टन कर्ब हवेत सोडतो. म्हणजे एका अंशामागे निसटणारे उत्तरेचे धन आपण दोन वर्षांत जाळतो तेवढेच. बॉम्बची उपमा इथेच खोटी पडते, आणि ती सोयीचीही आहे, कारण बॉम्ब दुसऱ्याचा असतो. पर्माफ्रॉस्ट हे गळके धरण आहे. गळती हळू आहे, पण तिला चावी नाही. गिरणी बंद करता येते, गाडी थांबवता येते. जागा झालेला जिवाणू कोणत्याही सरकारचा आदेश मानत नाही. त्यातून निघालेला वायू हवा आणखी तापवतो आणि आणखी जमीन सुटते.

दुसरे उत्तर समजुतीचे: तिकडे काय व्हायचे ते होवो, आपण आपल्या मातीत कर्ब साठवू आणि भरपाई करू. हे उत्तर गोड आहे आणि शेतकऱ्याला मोठेपण देणारे आहे, म्हणून त्याचा हिशेब करून पाहावा. एक एकर जमिनीचा वरचा वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटरचा थर घेतला तर त्या मातीचे वजन आठशे टनांच्या आसपास भरते. सेंद्रिय कर्ब एक दशांश टक्क्याने वाढला की एकरी ८०० किलो कर्ब मातीत आला. समजा सातारा-सांगलीतल्या वीस लाख एकरांत हे साधले, आणि ते साधायला दहा-वीस वर्षांची निष्ठा लागेल, तर एकूण सोळा लाख टन. उत्तरेतून एका अंशामागे निसटू शकणाऱ्या कर्बाचा हा दहा हजारावा भागही नाही. कृष्णाखोरे सायबेरियाला वाचवू शकत नाही.

मग संबंध काय? माझ्या मते संबंध असा की उत्तरेत आता जे व्हायला लागले आहे ते आपण इथे शंभर वर्षांपूर्वीच सुरू केले आणि बहुतांशी उरकत आणले. आपलेही पेव होते. ते आपण उघडले, तेव्हा कंदील सोडून पाहिला नाही.

मातीतला कर्ब म्हणजे घमेल्यात भरून ठेवलेली वस्तू नव्हे. परिस्थिती त्याला धरून ठेवते. तिकडे थंडी धरते. इकडे थंडी नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे उष्ण प्रदेशाची माती मुळातच उधळी. तरीही काळ्या जमिनीने कर्ब सांभाळला. तिची चिकण सेंद्रिय पदार्थाला मिठीत घेते आणि ढेकळाच्या आत जिवाणूला पोचू देत नाही. त्यात कुळवाची हलकी मशागत, गुरांचे खत, ज्वारीची खोल मुळे. भारी जमीन दरसाल नांगरायची पद्धत नव्हती. काही वर्षांनी एकदा, हरळी-कुंदा माजला की नांगर, एरवी कुळव. ढेकूळ मोडत नव्हते, म्हणून पेव बंद होते.

मग १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, कुंडलजवळ, किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट आपण शाळेपासून अडाणीपणाचा नमुना म्हणून ऐकत आलो आहोत. अडाणीपणा होताच, लोखंडात विष नसते. लाकडी नांगराला हार न जाणारा कुंदा या नांगराने उपटला, बैलांचे आणि माणसांचे हाल कमी केले, आणि किर्लोस्करांचे मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. पण जमीन इतकी खोल उलथली की तिच्यातले काहीतरी जाते, एवढी शंका त्या अडाणी माणसाला आली होती. काय जाते ते त्याला सांगता आले नाही. आपल्याला सांगता येते, आणि आपण दरसाल ट्रॅक्टरला पलटी नांगर जोडतो. नांगरामागे बगळे उतरतात ते सगळ्यांना दिसते. त्याच तासात जिवाणूंची जी पंगत बसते ती दिसत नाही.

नांगरापाठोपाठ कृष्णेचे पाणी आले, ऊस आला, युरियाची गोणी आली, गोठ्यातली जनावरे कमी झाली. एकेका गोष्टीला सबळ कारण होते आणि त्यातून घरे उभी राहिली, मुले शिकली. हे नाकारणारा लेख मी लिहिणार नाही. परिणाम मात्र मोजता येतो. एखाद्या एकरातला सेंद्रिय कर्ब ०.८ टक्क्यांवरून ०.४ वर आला असेल, तर फक्त वरच्या वीतभर थरातून तीन टनांहून जास्त कर्ब गेला. वायूच्या रूपात तो साडेअकरा-पावणेबारा टन कार्बन डायऑक्साइड होतो. तेवढा वायू निघायला चार हजार लिटरहून अधिक डिझेल जाळावे लागेल. एका एकरातून. कोणी धूर पाहिला नाही की वास घेतला नाही.

इथे पाचटाकडे वळतो, कारण कर्ब म्हटले की बोट तिकडेच जाते. तोडणी झाली की संध्याकाळी फडाला काडी लावायची आणि रात्री आभाळ तांबडे व्हायचे, हे लहानपणी आम्ही तमाशा बघावा तसे बघायचो. सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी कुसळे पडलेली असत. आज त्यावर भाषणे होतात आणि शेतकऱ्याला पृथ्वीचा गुन्हेगार ठरवले जाते. हे मला मान्य नाही. पाचटातला कर्ब उसाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. जाळला तर तासाभरात हवेत जातो, कुजवला तर त्यातला बहुतेक वर्ष-दोन वर्षांत जातोच. हे चालू खाते आहे. सायबेरियाची माती आणि जमिनीखालचा कोळसा ही त्याहून फार जुन्या मुदतीची ठेव. ती मोडणे वेगळे. दोन्हींना एकाच तराजूत घालून उसाच्या फडाला औष्णिक वीज केंद्राशेजारी उभे करणे हा हिशेबातला लबाडपणा आहे.

पाचट जाळण्यात नुकसान आहे, पण ते आधी शेताचे आहे. एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यातला नत्र आणि गंधक आगीबरोबर उडतो आणि कुजून मातीत मुरणारा जो थोडा हिस्सा टिकला असता तोही जातो. हे काही नवे ज्ञान नाही. फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. पाचट सरीत ठेवून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकावेत, ही शिफारस ऊसपट्ट्यातल्या पोराटोरांना पाठ आहे. तरी फड पेटतात. कारण पाचटाने सरीतले पाणी अडते, उंदीर माजतात, कुट्टी करायला यंत्र वेळेवर मिळत नाही, मजूर त्याहून मिळत नाही, आणि खोडवा लवकर फुटायला हवा असतो. काडी नाममात्र किमतीची. तोट्याचे आहे हे ठाऊक असूनही जो माणूस काडी लावतो त्याला अज्ञानी म्हणणे सोपे आहे. त्याचा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा कच्चा नाही. त्याच्या हिशेबाच्या वहीत मातीचा रकानाच नाही.

तो रकाना कुठेच नाही. उसाचा दर कशावर ठरतो? उताऱ्यावर, म्हणजे टनामागे साखर किती निघाली यावर. जमिनीतून काय बाहेर आले ते काट्यावर मोजले जाते. जमिनीत काय राहिले ते कोणी विचारत नाही. सातबाऱ्यावर विहीर लागते, झाडे लागतात, सोसायटीचा बोजा तर लागतोच. ज्या मातीवर तो बोजा चढवला तिची पत किती, हे त्यावर नाही. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आली आणि तिच्यात सेंद्रिय कर्बाचा आकडा असतो. बहुतेक घरांत ती रेशन कार्डाखाली पडलेली असते.

आता या रिकाम्या रकान्यात बाजार शिरू पाहतो आहे. मातीत कर्ब साठवा, आम्ही त्याचे क्रेडिट विकत घेतो, असे सांगणारे लोक गावोगाव फिरू लागले आहेत. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर मला आनंदच आहे. पण या सौद्याचा पाया कच्चा आहे आणि तो का कच्चा आहे हे उत्तरेकडे पाहिले की कळते. दूरच्या शहरातली कंपनी कोळसा जाळते. तो कर्ब कोट्यवधी वर्षे बंद होता आणि आता हवेत कायमचा आला. त्याबदली ती वाळव्यातल्या एका शेताच्या वरच्या थरातला कर्ब दाखवते. तो एका मोठ्या नांगरटीत, दोन सलग दुष्काळांत किंवा शेत वाटणीत गेल्यावर उडून जाऊ शकतो. हजारो वर्षांची गोठण जर नुसत्या तापलेल्या हवेने सुटते, तर ऊसपट्ट्यातल्या मातीची तीस वर्षांची हमी कोण देणार? आणि ती मोडली तर कोणाच्या अंगावर येणार, हे करारातल्या बारीक अक्षरांत वाचून घ्या.

हरिपूरच्या व्यवहारात याचे उत्तर आहे असे मला वाटते. पेवात हळद ठेवणारा व्यापारी पेव विकत घेत नसे, भाडे देई. जितके दिवस माल सुरक्षित, तितक्या दिवसांचे भाडे. मातीतल्या कर्बाचा व्यवहार असाच हवा. विक्री नको, भाडे हवे. कर्ब किती वाढवला यापेक्षा किती राखला याचे. दर तीन वर्षांनी त्याच गटातली, त्याच खोलीची माती तपासायची, आकडा टिकला असेल तर त्या शेतकऱ्याला पीककर्जाच्या व्याजात सूट, वाढला असेल तर अधिक सूट, आणि घटला तर दंड नाही, फक्त सूट बंद. त्या सुटीमुळे कोणाला कुठे कोळसा जाळायचा परवाना मिळणार नाही. पैसे कारखान्याने, जिल्हा बँकेने आणि सरकारने मिळून द्यावेत, कारण माती खंगली की आधी ऊस घटतो आणि मग गाळप. हा त्यांचाच विमा आहे.

यावर हरकत येईल की तपासणीत लबाडी होईल. होईल. चुनखडीची जमीन आणि सेंद्रिय कर्ब यांत घोळ होईल, बांधावरची माती पिशवीत भरली जाईल. उसाच्या काट्यावरही लबाडीच्या तक्रारी येतातच. म्हणून आपण ऊस तोलणे बंद केले नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. पुराची आणि क्षारपडीची जमीन काय करील? मिरज-वाळवा-पलूसच्या कृष्णाकाठी पाणी तुंबून मीठ फुटलेली रानेच्या राने आहेत. त्यात ना पीक, ना मूळ, ना कर्ब. तिथे आधी निचरा हवा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचऱ्याचे काम वर्षानुवर्षे दाखवले आहे, पण तो खर्च एकट्यादुकट्याचा नाही. चर नदी-ओढ्यापर्यंत न्यायचा तर मधल्या सगळ्यांची संमती लागते. दुसऱ्या टोकाला, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी आता खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या माळांवर चढले आहे. माळाची माती हलकी, कर्ब मुळात थोडा. तिथे हे पाणी ज्वारी-कडधान्याच्या मुळांना गेले तर माती भरेल. मोकाट पाटपाण्याचा ऊस झाला तर कृष्णाकाठची गोष्ट चाळीस वर्षांनी माळावर पुन्हा घडेल. हे पाणी उंचावर चढवायला वीज लागते, आणि त्यातली बरीच कोळशाची असते. तो कोळसाही शेवटी उत्तरेचे पेव तापवतो. संबंध शोधायला फार लांब जावे लागत नाही.

गोव्यात वास्को इथे ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिचे हिमाद्री हे ठाणे २००८ पासून स्वालबार्ड बेटसमूहात आहे. तिथेच जगभरच्या बियाण्यांची तिजोरी त्याच वर्षी उघडली. गोठण कायमची, म्हणून ती जागा निवडली होती. २०१६ च्या उबदार हिवाळ्यात वितळलेले पाणी तिच्या बोगद्याच्या तोंडातून आत शिरले. बियाणे वाचले, पण तोंडाची डागडुजी करावी लागली. कायम हा शब्द किती दिवसांचा, ते त्या बांधणाऱ्यांनाही आठ वर्षांत कळले.

तुमच्या घरात माती परीक्षणाचा कागद कुठेतरी असेल. तो शोधा आणि त्यावर सेंद्रिय कर्बापुढे काय लिहिले आहे ते पाहा. तीन-चार वर्षांपूर्वीचा दुसरा कागद सापडला तर दोन्ही शेजारी ठेवा. जुना नसेल, तर यंदाचा ऊस तुटला की खोडवा धरण्याआधी, काडी पेटवायच्या आधी, त्याच रानाची अर्धा किलो माती पिशवीत भरून तपासायला द्या.